…आणि इतर वादक

जयंतीचा मंडप सुटतो, पण हिशेबाची वही सुटत नाही. आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाने समाजकार्यात पाऊल टाकले की लोक त्याच्या हाती माइक देत नाहीत, वही देतात. गेली कित्येक वर्षे आमच्या वाडीच्या जयंती कमिटीची वही आमच्याकडे आहे. या वहीने आम्हाला एकदा भर पडवीत खाली मान घालायला लावली. त्या रात्रीची ही हकीगत आहे.

मंडणगड तालुक्यात १४ एप्रिलला सुरू झालेली जयंती मे महिना संपेपर्यंत वाडीवाडीतून चालू असते. मुंबईचा चाकरमानी मुलांच्या परीक्षा उरकून गावी येतो तेव्हाच वाडी भरते आणि तेव्हाच कार्यक्रमाला रंग चढतो. परमपूज्य बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले. तेव्हा इथली जयंती एका दिवसात मावली नाही तर नवल नाही.

मे महिन्यातल्या अशाच एका रात्री बुद्ध-भीमगीतांचा कार्यक्रम आटोपला. पूर्वी हे कार्यक्रम कोंबडा आरवेपर्यंत चालत. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यापासून रात्री १० ला भोंगा बंद करावा लागतो. काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते, पण आमचा दिवस त्यात बसत नव्हता. गायक महाशय आपल्या गाडीने रवाना झाले. वादकांना मात्र पहाटेची पहिली एसटी धरायची होती. तोवर विहाराची पडवी, दोन चटया आणि ताईंनी पाठवलेला काळा चहा.

तिघेजण होते. साठी ओलांडलेले ढोलकीवाले काका आमच्याच तालुक्यातले. पेटीवाले मास्तर मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले. आणि बेस गिटार वाजवणारा पंचविशीतला पोरगा, तोही मुंबईहून आलेला. आठवडाभर कुरिअरची पाकिटे वाटतो आणि शनिवार-रविवार वाजवतो. तिघांची नावे आम्हाला ठाऊक आहेत. परंतु “नाव छापू नका साहेब, पुढच्या हंगामाला पार्टीवाले बोलावणार नाहीत,” असे पोराने हात जोडून सांगितले आणि इतर दोघांनीही मान हलवली. त्यामुळे या लेखातही ते बिननावाचेच राहिले आहेत. लेख वाचल्यावर याची बोच वाचकांनाही लागेल.

आम्ही कंदिलासारखा एक बॅटरीचा दिवा ठेवून खर्च लिहीत होतो. मंडप, साउंड, गायकाचे मानधन, खीरदान. मग ‘किरकोळ’ या मथळ्याखाली हार, सुतळी, चहापत्ती, साखर, इतर वादक. पोरगा समोर बसून वही उलटी वाचत होता. चहाचा घोट घेत तो म्हणाला, “साहेब, आम्ही सुतळीच्या पण खाली?”

आम्ही बी. कॉम. आहोत. जमाखर्चात कोणती रक्कम कोणत्या खाती टाकावी हे आम्हाला शिकवलेले आहे. पण या प्रश्नाला आमच्या पदवीत उत्तर नव्हते. मास्तर मात्र खो-खो हसले. “अरे, यांच्या खर्चात आपला खर्ज कधी बसलाच नाही,” असे म्हणून त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली आणि मग गप्पांना जो बहर आला तो पहाटेपर्यंत.

खर्ज म्हणजे सप्तकातला खालचा, जाड, गंभीर सूर. बेस गिटारचे काम तेच. साध्या गिटारीला सहा तारा, बेसला बहुधा चार. लांब आणि जाड. यातली सगळ्यात जाड तार छेडली तर ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. हा सूर कानापेक्षा छातीला आधी कळतो. मोबाइलच्या बोटभर स्पीकरला तो काढताच येत नाही. त्यामुळे आपली पोरे दिवसभर जी गाणी ऐकतात त्यातला बेस त्यांनी कित्येकदा ऐकलेलाच नसतो. घरात चांगला हेडफोन असेल तर एकदा कानाला लावून पाहावे, तेच गाणे तळघर बांधल्यासारखे वाटेल.

चार तारांवरून पोराने सांगितलेला किस्सा ऐका. एका गावच्या कमिटीने बिदागी ठरवली होती. कार्यक्रमानंतर खजिनदार दोनशे रुपये कमी देऊ लागले. कारण विचारले तर म्हणाले, “त्या दुसऱ्या पोराच्या गिटारीला सहा तारा आहेत, तुझ्या चारच. त्याला आणि तुला सारखं कसं द्यायचं?” पोराने हुज्जत घातली नाही. “बरोबर आहे काका, पुढच्या वेळी बुलबुल आणतो, त्याला तारा जास्त,” असे म्हणून तो निघून आला.

दुसरा किस्सा याहून बरा. मध्यंतरात एक आजोबा मंचाजवळ आले आणि कळवळून म्हणाले, “बाळा, तुझा माइक बंद दिसतो. काही ऐकायला येत नाय. उगाच कशाला बोटं दुखवून घेतोस?” पोरगा खट्याळ. पुढच्या गाण्याचा अर्धा अंतरा झाला आणि त्याने हात थांबवले. ढोलकी चालू, पेटी चालू, गायक गातोय. तेच आजोबा तिसऱ्या रांगेतून उठले, मंडपातल्या दिव्यांकडे पाहू लागले आणि शेजाऱ्याला विचारते झाले, “लाइट कमी झाली काय रे?”

खालच्या सुराचे असेच असते. असतो तेव्हा कुणाला दिसत नाही आणि गेला की उजेड कमी होतो.

पेटीतसुद्धा खर्ज असतो हे आम्हाला मास्तरांनी त्या रात्री भाता उघडून दाखवले. बाजारात ‘बास-मेल’ म्हणून जी पेटी मिळते तिच्यात प्रत्येक पट्टीला सुरांच्या दोन पितळी जिभा असतात, एक जाड आवाजाची आणि एक त्याच्या वरची. त्यांच्या पेटीतल्या जिभा गुजरातेतल्या पालिताण्याच्या. त्यांचा त्यांना केवढा अभिमान! आपल्या घरातही इतक्या मायेने कुणी पितळ पुसत नसेल. या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत आपल्या दारात उभे केले नव्हते. ती परक्या देशातून आलेली, आपल्या संगीताला न शोभणारी, असा ठपका होता. मास्तर म्हणाले, “म्हणून ही आपल्याकडे रमली. तिलाही बंदी, आपल्यालाही बंदी.”

गायकांची थट्टा करण्यात पेटीवाल्यांचा हात कुणी धरू शकत नाही. गायकाने आपली पट्टी आधी सांगायची असते, काळी एक, पांढरी चार अशी. एका नवोदित गायकाला मास्तरांनी पट्टी विचारली. तो म्हणाला, “तुम्ही धरा हो, मी येतो.” मास्तरांनी काळी दोन धरली, तो वर गेला. पांढरी तीन धरली, तो खाली आला. शेवटी मास्तरांनी पेटी बंद केली आणि म्हणाले, “दादा, तुमचा सूर काळी आणि पांढरीच्या मधल्या फटीत आहे. तिथे बोट जात नाही, फक्त झुरळ जातं.”

काका आतापर्यंत गप्प होते. ढोलकी मांडीवर आडवी घेऊन तिच्या डाव्या तोंडावर अंगठा फिरवीत होते. ढोलकीचे उजवे तोंड शाईचे. ते टणत्कार करते, टाळ्या घेते. डावे तोंड घुमते. त्याला आतून मसाला म्हणजे तेल घालून मळलेला चिकट लेप लावलेला असतो, म्हणून त्याचा आवाज जड येतो. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचे जे काम तेच ढोलकीत या डाव्या तोंडाचे. कोकणात जूनचा पहिला पाऊस पडला की कातडे ढिले पडते, आवाज बसतो. काकांच्या घरी तेव्हा चुलीजवळ ढोलकीला शेक देण्याचे काम काकी करतात. काकींना सूर कळतो. त्या स्वयंपाकघरातून सांगतात, “अजून उतरलेलीच आहे, लावू नका.” पण मंचावर काकींना कुणी कधी बोलावले नाही. “रात्रभर जगाला जागवतात आणि दिवसा घरात घोरतात,” एवढीच त्यांची काकांच्या कलेवर जाहीर समीक्षा आहे. काका दारूला शिवत नाहीत, म्हणून ती समीक्षा इतकी सौम्य, हेही सांगितले पाहिजे. गायन पार्ट्यांतून संसार बुडालेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

“माझ्या आज्याच्या गळ्यात ढोल होता,” काका म्हणाले, “पण तो हौसेचा नव्हता.”

आमच्या वाचकांपैकी जुन्या मंडळींना हे सांगावे लागणार नाही, पण मुलांसाठी लिहितो. आपल्या या भागात लग्नात आणि शिमग्याच्या पालखीपुढे खालू बाजा वाजे. तो वाजवणारे हात आपल्या लोकांचे होते. सनई, ढोल, टिमकी. वाजवणे हा हक्क नव्हता, नेमून दिलेले काम होते. पालखी देवळात जाई आणि ढोल बाहेर राही. काका म्हणाले, “वाजवताना आज्याचा हात साऱ्या गावाला लागायचा. वाजवून झालं की त्याच हातावर पाणी वरून ओतायचे.”

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर गावोगाव आपल्या लोकांनी अशी कामे टाकली. त्यात काकांची वाडीही होती. त्यांच्या वडिलांनी ढोल माळ्यावर टाकला आणि घरात वाजवण्याचे नाव काढायला बंदी केली. काकांचे हात मात्र ऐकेनात. पत्र्याच्या डब्यावर वाजवले म्हणून त्यांनी मार खाल्ला आहे. पुढे वाडीत एक गायन पार्टी आली, तिचा ढोलकीवाला तापाने आजारी पडला, आणि कुणीतरी या पोराला पुढे ढकलले. त्या रात्री बापाने त्याला भीमगीतांना साथ करताना पाहिले. सकाळी बाप एवढेच म्हणाला, “हे वाजव. कुणी नेमलं म्हणून नको, तुला वाजवायचं म्हणून वाजव.”

तो माळ्यावरचा ढोल ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात गेला. छपराचे पत्रे उडाले, रात्रभर पाणी आत, कातडे कुजले. “गेला ते चांगलं झालं का वाईट, ते अजून मना कळलेलं नाय,” काका म्हणाले आणि ढोलकी कुशीवर ठेवली.

आम्हाला विचाराल तर आमचेही असेच आहे. ऐन विशीत आम्ही ठासून सांगत असू की गुलामीची सगळी वाद्ये होळीत टाका. आज तितके ठासून सांगवत नाही. गुलामी टाकलीच पाहिजे होती, ती टाकली, आणि ज्यांनी बहिष्कार सोसून टाकली त्यांचे आपल्यावर ऋण आहे. पण सनईच्या जोडीत एक जण धून वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो, गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, सूर तुटू न देता. ही विद्या कुणा देवळाची नव्हती, आपल्या माणसाच्या छातीची होती. तिचे वाली आपण नाही तर कोण? बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, त्यांच्या घरात भजने होत. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्या महामानवाला ग्रंथांतून मान वर करायला वेळ नव्हता त्याला तारांवर बोट ठेवावेसे वाटले, हे आम्हाला फार मोठे वाटते.

असो. गाडी पुन्हा मास्तरांच्या आवडत्या स्टेशनावर आली, म्हणजे कॅसेटच्या जमान्यावर. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीते घराघरांत पोहोचली. मास्तरांनी मुंबईत अशा कितीतरी कॅसेटना पेटी वाजवली आहे. दुपारी शिफ्ट सुरू, रात्रीपर्यंत आठ गाणी, कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. कागदावर स्वरलिपी वगैरे काही नाही. गायकाने एकदा गुणगुणायचे, “हं, घ्या,” म्हणायचे, की घेतले. सगळे एकदम वाजवणार, त्यामुळे एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. एकदा आठव्या गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात कोरसमधल्या एका ताईंना शिंक आली. सगळे घामाघूम, वेळ संपत आलेली. मालकाने काचेपलीकडून हात केला, “राहू द्या, शिंक समेवर आली आहे.” ती शिंक त्या कॅसेटमध्ये आजही आहे, असे मास्तर शपथेवर सांगतात.

आणि कॅसेटच्या वेष्टनावर? गायकाचा फोटो, कवीचे नाव, संगीतकाराचे नाव, कंपनीचे नाव. सगळ्यात खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ‘आणि इतर वादक’. मास्तरांचा मुलगा शाळेत असताना ते वेष्टन घेऊन गेला आणि मित्रांना बोट ठेवून दाखवू लागला, “हे माझे बाबा.” मित्रांनी वाचले आणि तेव्हापासून त्याला वर्गात ‘इतर’ म्हणू लागले. मास्तर हे हसत हसत सांगतात. पण सांगून झाल्यावर चहा नसलेला पेला त्यांनी तोंडाला लावला, हे आम्ही पाहिले.

वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे घेताना आपली छाती भरून येते आणि ती भरून आलीच पाहिजे. परंतु वाचक हो, त्यांच्यामागे बसलेल्या ढोलकीवाल्याचे, पेटीवाल्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आम्ही स्वतःला जलशांचे आणि गायन पार्ट्यांचे जाणकार समजतो. आम्हाला एकही सांगता आले नाही.

सिनेमाच्या दुनियेत तरी वेगळे काय होते? तिथे मोठमोठे ताफे असत. त्यात गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ, पाश्चात्य स्वरलिपी वाचण्यात तरबेज. आधी माणसाएवढा उभा डबल बास होता, साठच्या दशकापासून त्याच्या जागी विजेवरची बेस गिटार येऊ लागली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बेस गिटार वाजवत ते टोनी वाझ. त्यांची बोटे साऱ्या देशाने ऐकली आहेत आणि नाव मूठभर लोकांना ठाऊक. एक मात्र चांगले होते. सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही वादकांची संघटना होती, प्रतवारी होती, शिफ्टचा दर ठरलेला होता. “आमच्या कॅसेटवाल्यांपुढे दराचं नाव काढलं तर म्हणायचे, समाजाचं काम आहे,” मास्तर म्हणाले. “समाजाच्या कामात कॅसेटवाल्याचा मजला वर चढला. आमची पेटी मात्र दुरुस्तीलाच.”

वादकाचे नाव पडद्यावर गाजल्याचा एक गमतीदार दाखला मास्तरांनी दिला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन यांच्या पात्राचे नाव आहे अँथनी गोन्सालविस. हे नाव खरे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक अँथनी गोन्सालविस हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचे नाव अशा रीतीने देशाच्या तोंडी घातले. लोकांना वाटते ते नाव अमिताभचे!

इथे पोराने आपला मोबाइल पुढे केला. त्याचा देव वेगळाच. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला जेम्स जेमरसन नावाचा कृष्णवर्णीय बेसवादक. लिओ फेंडर याने १९५१ साली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली, तिच्यावर या माणसाने असे काम केले की त्यानंतरचे बेसवाले त्याच्याच शाळेत शिकले म्हणावे. आणि तेही उजव्या हाताच्या एका बोटाने! मोटाउन नावाच्या कंपनीची साठच्या दशकातली असंख्य गाजलेली गाणी त्याच्या बोटावर उभी आहेत. तबकड्यांच्या वेष्टनावर मात्र वादकांची नावे नसत. १९७१ साली गायक मार्विन गे याच्या एका तबकडीवर त्याचे नाव पहिल्यांदा सन्मानाने छापले गेले. १९८३ साली मोटाउनच्या २५ वर्षांचा भव्य सोहळा झाला. जेमरसनला कुणी मंचावर बोलावले नाही. तो तिकीट काढून मागे प्रेक्षकांत बसला होता, असे सांगतात. त्याच वर्षी तो वारला.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचे दुःख आपल्या चळवळीला नवे नाही. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. म्हणून आम्ही लगेच म्हणालो, “गोऱ्या मालकांनी दाबलं असेल.” पोरगा म्हणाला, “नाय साहेब. कंपनीचा मालक काळाच होता.”

यावर पडवीत काही वेळ कुणी बोलले नाही. आमची वही उघडीच होती.

खरे सांगायचे तर आमचा गुन्हा सुतळीपुरता नव्हता. आदल्या वर्षी कमिटीच्या बैठकीत पैसे वाचवण्यासाठी आम्हीच सूचना मांडली होती की वादक नकोत, पेनड्राइव्हवर ट्रॅक घेऊन येणारा गायक बोलवावा. पेनड्राइव्हला जेवण लागत नाही, अंथरूण लागत नाही, एसटीचे भाडे लागत नाही. सूचना मंजूर झाली, गायक आला, तिसऱ्या गाण्याला वीज गेली. मंडणगडात मे महिन्यात वीज जाणे ही काही बातमी नाही. गायक अंधारात तोंड उघडे ठेवून उभा. त्या वर्षी काका श्रोत्यांत बसले होते. ते घरी गेले, ढोलकी घेऊन आले, आणि वीज येईपर्यंत पाऊण तास बायाबापड्यांनी स्वतः गाणी म्हटली. त्याचे मानधन काकांना दिले का? वहीत नोंद नाही. म्हणजे दिले नाही.

मशीन वाईट असे आम्ही म्हणत नाही. पोरगाच सांगत होता की सिनेमाच्या ताफ्यात बेस वाजवलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीचे बेस वाजवणारे छोटे यंत्र आणि तालाचे यंत्र घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. तेव्हा ती कुणी विकत घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकार चकित झाले, कारण तिकडे नंतर गाजलेल्या नाचाच्या संगीताचा ढंग त्यांनी आधीच वाजवून ठेवला होता. हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून, म्हणजे बेसवाल्याच्या जागी बसावे म्हणून निघालेले. बेस वाजवणाऱ्याने त्यालाच कामाला लावले! पोरगाही घरी लॅपटॉपवर यूट्यूबच्या भीमगीतांचे बेस भरून देतो. गाण्यामागे पैसे मिळतात, कधी मिळत नाहीत. नाव वर्णनात घालतो म्हणतात आणि विसरतात.

रात्री कधीतरी आम्ही वहीतले ‘किरकोळ’चे पान रद्द केले. जमाखर्चाच्या नियमाप्रमाणे फाडले नाही. तिरकी रेघ मारून सही केली. नवे पान घातले आणि रकाने आखले. नाव, वाद्य, गाव, मानधन, सही. रक्कम तीच होती. ती वाढवण्याचा अधिकार एकट्या आम्हाला नाही. पुढच्या बैठकीत आम्ही विषय मांडला तेव्हा खजिनदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. दर वाढवण्याचे पुढच्या वर्षावर गेले आहे. वादकांची नावे मंचावरून गायकाच्या आधी घ्यायची, एवढे मात्र एकमताने झाले. ते एकमत फुकट होते म्हणून झाले असेल, असा आमचा संशय आहे. तरीही ते झाले.

काकांनी रेव्हेन्यू स्टॅम्प मागितला. आम्ही सांगितले, एवढ्या रकमेला स्टॅम्प लागत नाही. ते म्हणाले, “असू द्या, लावा. सही शोभून दिसते.” आमच्या पाकिटात एक होता, तो लावला. काकांनी अर्धी सही स्टॅम्पवर, अर्धी कागदावर, अशी अगदी रीतसर केली. पोराने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून घेतला.

पहाटे गाडी आली. ढोलकी काकांच्या घरी जायची होती, पण तेही पोचवायला स्टँडवर आले होते. मास्तर पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. पोरगा बेस गिटारची लांबलचक पिशवी घेऊन चढला तेव्हा कंडक्टरने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, “ह्याला लगेज लागेल.”

काका खालून ओरडले, “अर्धंच लावा हो, चारच तारा आहेत!”